पुढे चाल नाकारलेली फायनल: स्टॅन्ले कप, १९१९

पावसाळी_पक्षी (धागालेखक)

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

सिअ‍ॅटलला मी रोज संध्याकाळी जिथे बसची वाट बघत उभा असतो, तिथे पाचव्या अव्हेन्यूवर आयबीएम बिल्डिंग म्हणून एक उंच, पांढरट, उभ्या पट्ट्यांची इमारत आहे. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे रचणाऱ्या मिनोरू यामासाकीचंच हे काम. त्या इमारतीच्या जागी पूर्वी आइस हॉकीचं बंदिस्त मैदान होतं आणि तिथे खेळली गेलेली स्टॅन्ले कपची फायनल आजतागायत संपलेली नाही, हे मला इथे सहा वर्षं पावसात भिजल्यावर कळलं. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा.

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद येतात. इथे हॉकी म्हणजे बर्फावरची: पायांत स्केट्स, हातात काठी आणि चेंडूऐवजी रबराची चकती, तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन पीरियड. स्टॅन्ले कप हा त्यातला सर्वोच्च मान. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी १८९२ मध्ये देऊ केलेलं हे चांदीचं भांडं १८९३ पासून दिलं जातंय.

१९१९ मध्ये या भांड्याला दोन दावेदार असायचे. पूर्वेकडच्या एनएचएलचा (नॅशनल हॉकी लीग) विजेता आणि पॅसिफिक किनाऱ्यावरच्या पीसीएचएचा (पॅसिफिक कोस्ट हॉकी असोसिएशन) विजेता. आज गडगंज असलेली एनएचएल तेव्हा दुसऱ्याच हंगामात होती. संघ तीन, त्यातल्या टोरोंटोने हंगाम अर्ध्यात सोडला. उरलेल्या दोघांत माँट्रियल कॅनेडियन्सनी ओटावाला हरवलं. फायनल एक वर्ष पूर्वेला, एक वर्ष पश्चिमेला असा शिरस्ता होता आणि त्या वर्षी पाळी पश्चिमेची. म्हणून माँट्रियलचे खेळाडू आगगाडीत बसून अख्खा खंड ओलांडून सिअ‍ॅटलला आले.

समोर सिअ‍ॅटल मेट्रोपॉलिटन्स. ऐरागैरा संघ नव्हे. १९१७ मध्ये याच माँट्रियलला हरवून स्टॅन्ले कप जिंकणारा पहिला अमेरिकी संघ. त्या १९१७ च्या फायनलमध्ये त्यांच्या बर्नी मॉरिस नावाच्या पठ्ठ्याने ४ सामन्यांत १४ गोल ठोकले होते. १९१९ च्या फायनलला मात्र मॉरिस नव्हता. ऐन फायनलच्या तोंडावर सैन्यभरती चुकवल्याच्या आरोपावरून त्याला धरलं आणि पुढे शिक्षा भोगायला अल्काट्राझला धाडलं. होय, तेच अल्काट्राझ. तेव्हा तो लष्करी तुरुंग होता. महायुद्ध संपून चार महिने झाले होते आणि गडी मूळचा कॅनडाचा!

आता गंमत अशी की दोन्ही लीगचे नियम वेगळे. पूर्वेला सहा-सहा खेळाडू, पश्चिमेला सात-सात. सातव्याला रोव्हर म्हणत, त्याने मैदानभर हिंडायचं. त्यामुळे एक सामना यांच्या नियमांनी, पुढचा त्यांच्या. पाचपैकी तीन जिंकेल त्याचा कप.

पहिला सामना १९ मार्चला, सात गड्यांचा. सिअ‍ॅटल ७-०. माँट्रियलच्या गोलमध्ये जॉर्ज व्हेझिना असूनही! हा तो व्हेझिना, ज्याच्या नावाने आज एनएचएलमधल्या सर्वोत्तम गोलकीपरला ट्रॉफी देतात.

दुसरा २२ तारखेला, सहा गड्यांचा. माँट्रियल ४-२ आणि त्यांचे चारही गोल एकट्या न्यूझी लालॉन्दचे.

तिसरा २४ ला, परत सात गडी. सिअ‍ॅटल ७-२. या खेपेला चार गोल सिअ‍ॅटलच्या फ्रँक फॉइस्टनचे. म्हणजे ज्याचे नियम त्याचा सामना, असं सरळ गणित चाललं होतं.

२६ मार्चचा चौथा सामना मात्र मला टाइम मशीन मिळालं तर बघायचा आहे. ६० मिनिटं, ०-०. जादा वेळ २० मिनिटं, ०-०. मग आणखी २० मिनिटं? नाही, तिथेच सामना बरोबरीत सोडवला. ८० मिनिटांत एक गोल नाही आणि तरी प्रेक्षक उभे राहून दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवत होते. पहिल्या पीरियडच्या अगदी शेवटाला सिअ‍ॅटलच्या कली विल्सनने पक जाळ्यात घातला होता, पण त्याआधीच वेळ संपली असा निकाल रेफ्री मिकी आयनने दिला. तो गोल धरला असता तर १-० ने सिअ‍ॅटलचा तिसरा विजय, कप घरात आणि हा धागाही निघाला नसता.

पाचवा मार्चच्या अगदी अखेरीस. दोन पीरियड संपले तेव्हा सिअ‍ॅटल ३-० ने पुढे. प्रेक्षकांनी कप मनातल्या मनात शोकेसमध्ये ठेवूनसुद्धा झाला असेल. आणि तिसऱ्या पीरियडमध्ये माँट्रियलने तीन गोल फेडले! पुन्हा जादा वेळ. बदली खेळाडू तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेच तेच लोक पळतायत. थकून गळालेला कली विल्सन मैदानाबाहेर आला, सिअ‍ॅटलचा एक माणूस कमी पडला आणि ताज्या दमाच्या जॅक मॅकडोनाल्डने गोल केला. माँट्रियल ४-३. दोन-दोन बरोबरी.

याच सामन्यात माँट्रियलचा बचावपटू जो हॉल अर्ध्यातून बाहेर गेला. अंगात ताप होता.

१ एप्रिलला निर्णायक सामना होता. त्या दिवशी माँट्रियलचे हॉल, लालॉन्द, मॅकडोनाल्ड, कुतू, बर्लिंकेट हे खेळाडू आणि मॅनेजर जॉर्ज केनेडी सगळे इन्फ्लुएन्झाच्या साथीत तापाने फणफणून अंथरुणाला खिळलेले. खेळायला माणसंच नाहीत. केनेडीने कळवलं, आम्ही सामना सोडतो, कप तुमचा. सिअ‍ॅटलचा प्रशिक्षक पीट मुलडून म्हणाला, नको. आजारी पडलेल्या संघाकडून असा कप आम्ही घेणार नाही. सामना सुरू व्हायला काही तास उरले असताना फायनल रद्द झाली.

५ एप्रिलला जो हॉल सिअ‍ॅटलच्या एका रुग्णालयात न्यूमोनियाने गेला. वय ३७.

त्या वर्षी कप कोणालाच मिळाला नाही. पुढे १९४८ मध्ये कपाची नवी घडण केली तेव्हा १९१९ च्या जागी दोन्ही संघांची नावं कोरून खाली ‘मालिका अपूर्ण’ अशा अर्थाची ओळ घातली. ती आजही आहे.

आपल्याकडे कबड्डी-खोखोत समोरचा संघ आला नाही तर पुढे चाल मिळते. शाळेत असताना आम्ही ती मिळाली की नाचायचो. मुलडूनने स्टॅन्ले कपच्या फायनलमध्ये पुढे चाल नाकारली. माझ्या मते त्याने बरोबर केलं आणि तो कोरलेला ‘अपूर्ण’ हाच खरा निकाल आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

कट्टेकरी

पयला!

लेख निवांत वाचून सविस्तर प्रतिसाद देतो.

---

नाना_चौकस

मस्त लिहिलंय. आइस हॉकीतलं ओ की ठो कळत नसताना शेवटपर्यंत वाचलं, यातच काय ते आलं.

एक शंका. सात गड्यांचा नियम आणि सहा गड्यांचा नियम, एवढाच फरक का? एका खेळाडूने ७-० आणि ७-२ होतं?

---

पावसाळी_पक्षी

नानासाहेब, धन्यवाद. फरक एवढाच नव्हता. पीसीएचए ही फ्रँक आणि लेस्टर पॅट्रिक या भावांची लीग. वडिलांच्या लाकडाच्या धंद्यातला पैसा ओतून त्यांनी व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरियाला कॅनडातली पहिली कृत्रिम बर्फाची मैदानं बांधली, कारण तिकडचा हिवाळा सौम्य, पाऊस जास्त, नैसर्गिक बर्फ धरतच नाही. डोकं तर असं सुपीक की आज एनएचएलमध्ये दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी यांच्या: मैदानावरच्या निळ्या रेषा, पेनल्टी शॉट, गोलकीपरला बर्फावर लोळून पक अडवायची मुभा.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुढे पास देणं. जुन्या हॉकीत रग्बीसारखा पक मागेच द्यावा लागे. पॅट्रिक बंधूंनी मैदानाच्या मधल्या पट्ट्यात पुढे पास द्यायची परवानगी दिली. एनएचएलने ही कल्पना त्याच १९१८-१९ च्या हंगामात उचलली. म्हणजे सिअ‍ॅटलचे लोक जे वर्षानुवर्षं खेळत होते, ते माँट्रियलवाले नुकतेच शिकत होते. त्यात रोव्हरची सवय नाही. आट्यापाट्यांत सूर कोणी धरायचा हेच संघाला ठाऊक नसेल तर काय होईल, तसं.

---

खडूस_पुणेकर

लेख ठीक. मुलडूनचं कौतुक मात्र जरा जास्त झालं.

असं बघा. समोरच्याचे पाच खेळाडू आजारी, शहरात साथ, पेपरांत बोंबाबोंब. अशा वेळी ‘दे कप इकडे’ म्हणणारा प्रशिक्षक दुसऱ्या दिवशी तोंड दाखवू शकला असता का? ज्या गोष्टीला दुसरा पर्यायच नव्हता तिला मोठेपणा म्हणत नाहीत. आणि माझ्या वाचनात असं आहे की केनेडीने व्हिक्टोरियाच्या संघातले खेळाडू उसने घेऊन सामना खेळायची परवानगी मागितली होती आणि ती नाकारली गेली. ते का नाही लिहिलंत? कप घेणार नाही, पण तुम्हाला खेळूही देणार नाही, ही कसली खिलाडूवृत्ती?

---

पावसाळी_पक्षी

खडूसराव, व्हिक्टोरियाचा मुद्दा बरोबर आहे, माझ्याकडून राहिला. पण नकार होता लीगचा अध्यक्ष फ्रँक पॅट्रिक याचा. मुलडूनच्या खात्यावर तो टाकू नका. शिवाय पॅट्रिकची बाजूही समजून घ्या. व्हिक्टोरिया त्याच्याच लीगमधला संघ. उद्या त्याच्याच लीगच्या खेळाडूंनी माँट्रियलचा जर्सी घालून सिअ‍ॅटलला हरवलं असतं, तर कप नेमका जिंकला कोणी म्हणायचं?

पर्याय नव्हता हे मात्र मला पटत नाही. पर्याय लेखी समोर होता. केनेडीने तो स्वतःहून दिला होता. नियमानेही कोणी हरकत घेतली नसती.

---

गणित_मास्तर

मी कंटाळवाणा हिशोब मांडतो.

सिअ‍ॅटल: ७ + २ + ७ + ० + ३ = १९
माँट्रियल: ० + ४ + २ + ० + ४ = १०

धागालेखकांनी सांगितलेल्या पीसीएचएमध्येच अंतिम फेरी दोन सामन्यांच्या एकूण गोलांवर ठरायची ना? त्या वर्षीही सिअ‍ॅटल आणि व्हँकुव्हर एकेक सामना जिंकले आणि एकूण ७-५ म्हणून सिअ‍ॅटल पुढे गेलं. मग तोच न्याय इथे लावा, १९-१०. विषय संपला.

---

खडूस_पुणेकर

मास्तर, २०१९ च्या वर्ल्ड कप फायनलला चौकार मोजून विजेता ठरवणारे ते तुम्हीच काय?

---

गणित_मास्तर

हलके घ्या. पण ते नियमपुस्तकात आधीपासून होतं हो!

---

क्रिकेटवेडा_कोल्हापूरकर

मैदान सोडण्याचा विषय निघाला म्हणून आमच्या कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १९४८-४९ चा रणजी हंगाम, पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम ४५२. फक्त दहा धावा हव्या होत्या. उपाहाराला काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. आणि खरंच निघून गेले! महाराष्ट्राला सामना मिळाला, भाऊसाहेबांचा विक्रम गेला तो गेलाच.

तिकडे आजारी संघ सामना सोडायला तयार आणि समोरचा घ्यायला तयार नाही. इकडे धडधाकट संघ सामना टाकून स्टेशनवर.

---

सुलभा_सातारा

कोल्हापूरकरभाऊ, हा किस्सा आमच्या वडिलांच्या तोंडून शंभरदा ऐकलाय. दर वेळी ते तितकेच चिडायचे.

लेख वाचताना मला मात्र वेगळंच आठवत राहिलं. ही साथ म्हणजे आपल्याकडची मानमोडी ना? माझी पणजी लोकांची वयं मानमोडीवरून सांगायची. ‘मानमोडीच्या साली तो रांगत होता’, ‘ती मानमोडीनंतरची’. लहानपणी मला वाटायचं मानमोडी हे कुठल्या तरी बाईचं नाव आहे. मोठी झाल्यावर कळलं की १९१८ चा इन्फ्लुएन्झा. पणजीच्या माहेरची चार माणसं त्यात गेली, ती कोणती हे तिने कधी सांगितलं नाही. विचारलं की चुलीत लाकूड सारायची.

---

पावसाळी_पक्षी

सुलभाताई, हो, तीच. मी लेखात आणणार होतो, पण लांबण लागेल म्हणून सोडलं. आता तुम्ही विषय काढलात तर लिहितो.

मुंबईत १० जून १९१८ ला सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता. युद्धावरून परतणाऱ्या जहाजांतून आलेली ही पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली ती राक्षसी. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. देशभरातले बळी एक कोटीच्या वर, अभ्यासकांचे आकडे वेगवेगळे आहेत. १९११ ते १९२१ हे जनगणनेतलं असं एकमेव दशक आहे ज्यात भारताची लोकसंख्या घटली.

सिअ‍ॅटलमध्येही ऑक्टोबर १९१८ मध्ये नाट्यगृहं, शाळा, चर्च बंद होती, मास्क सक्तीचे होते. तोंडाला पांढरे मास्क बांधून रांगेत उभ्या असलेल्या पोलिसांचा तो प्रसिद्ध फोटो पाहिला असेल तुम्ही, तो इथलाच. नोव्हेंबरात युद्ध संपल्याच्या जल्लोषात बंधनं उठली. फेब्रुवारी १९१९ मध्ये सहा दिवसांचा सार्वत्रिक संप झाला, अख्खं शहर ठप्प. तो मिटला आणि मार्चमध्ये लोक हुश्श करून हॉकी बघायला आले. साथ गेली असंच सगळे धरून चालले होते. आणि मग तिसरी लाट.

---

डॉ_आडगावकर

वैद्यकीय बाजूने दोन शब्द, फी न घेता.

३७ वर्षांचा, अंगाने दणकट, व्यावसायिक खेळाडू पाच-सहा दिवसांत गेला याचं आज नवल वाटेल. पण त्या साथीचं वैशिष्ट्यच हे. एरवी फ्लू तान्ह्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना गाठतो. १९१८ च्या साथीत २० ते ४० वयाची माणसं मोठ्या प्रमाणात गेली. फ्लूने फुप्फुसांचं अस्तर खरवडलं जायचं आणि मग जिवाणूंचा न्यूमोनिया त्यात घर करायचा. पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोचायला अजून वीसेक वर्षं होती. डॉक्टरांच्या हातात अंथरूण, पाणी आणि वाट बघणं.

त्यात अंगात ताप असताना हा माणूस बर्फावर खेळला. आज माझ्याकडे असा कोणी आला तर मी त्याच्या काठीनेच त्याला... जाऊ दे.

---

वाचनमात्र

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय. जो हॉलबद्दल अजून सांगा ना. सगळ्या लेखात तो फक्त मरायला आल्यासारखा वाटतो.

---

पावसाळी_पक्षी

वाचनमात्र, तुमचं वाक्य लागलं. बरोबर आहे, माझीच चूक.

जो हॉल जन्मला इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये. लहानपणीच घरचे कॅनडाला गेले, वाढला मॅनिटोबातल्या ब्रँडन गावात. टोपणनाव ‘बॅड जो’. नाव उगाच पडलं नव्हतं. जानेवारी १९१८ मध्ये टोरोंटोत आल्फ स्किनर नावाच्या खेळाडूशी त्याची काठ्यांनी अशी जुंपली की दोघांनाही पोलिसांनी धरलं. मैदानावरच्या मारामारीसाठी! ते एनएचएलचं पहिलंच वर्ष, म्हणजे बघा.

पण मैदानाबाहेर तो मवाळ माणूस होता असं त्याच्या बरोबरीचे सांगत. बायको, तीन मुलं, रेल्वेतली नोकरी. क्वेबेक बुलडॉग्जकडून १९१२ आणि १९१३ असे दोन कप त्याने आधीच जिंकले होते. त्या बुलडॉग्ज आणि कॅनेडियन्सच्या सामन्यांत हॉल आणि न्यूझी लालॉन्द एकमेकांचे हाडवैरी. इतकी टाळकी फोडली त्यांनी एकमेकांची की पेपरवाल्यांना तेवढाच विषय. मग दोघे माँट्रियलच्या एकाच संघात आले आणि दोस्त झाले. अंत्यसंस्कार व्हँकुव्हरला झाले तेव्हा खांदा देणाऱ्यांत लालॉन्द होता.

१९६१ मध्ये हॉलला हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

---

वाचनमात्र

धन्यवाद. आता बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं, पण बरं वाटलं.

---

कट्टेकरी

आलो परत. आधी वाटलं होतं बर्फावरची जिलबी असेल, पण नाही.

बाकीच्यांचं काय झालं? केनेडी, व्हेझिना, आणि तो तुरुंगातला मॉरिस?

---

पावसाळी_पक्षी

केनेडी बरा झाला असं वाटलं, पण तब्येत कधी धड राहिली नाही. ऑक्टोबर १९२१ मध्ये गेला. पूर्वीचा कुस्तीगीर, बांधा मजबूत, तरीही. त्याच्या बायकोने कॅनेडियन्स संघ ११,००० डॉलरला विकला. आज त्या संघाची किंमत किती आकडी आहे ते गूगलून बघा आणि पाणी प्या. म्हणून मी म्हणतो, त्या फायनलने एकाचा नाही, दोघांचा जीव घेतला.

व्हेझिनाला तेव्हा काही झालं नाही. स्वभावाने इतका थंड की त्याला त्याच्या गावावरून ‘चिकुटिमीची काकडी’ म्हणत. नोव्हेंबर १९२५ मध्ये एका सामन्यात तो बर्फावर कोसळला. क्षय निघाला. मार्च १९२६ मध्ये गेला.

मॉरिस १९२० मध्ये सुटला आणि परत सिअ‍ॅटलकडून खेळला. त्या वर्षी सिअ‍ॅटल पुन्हा फायनलला, या वेळी ओटावाविरुद्ध, पूर्वेला. शेवटचा सामना हरले, ३-२ ने कप ओटावाला. मेट्रोपॉलिटन्सना पुन्हा संधी मिळाली नाही. १९२४ मध्ये संघ बंद झाला. मैदान शेजारच्या आलिशान हॉटेलाचं गाड्या लावायचं गॅरेज झालं आणि साठच्या दशकात ते पाडून तिथे आयबीएम बिल्डिंग उभी राहिली. तिच्यासमोर मी पावसात.

---

खडूस_पुणेकर

म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध होतो. मोठेपणा केला, कप घालवला, पुढे संघही गेला. हाती काय लागलं? एका भांड्यावर अर्धी ओळ.

आणि एक. २००२ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत कोलंबोला पाऊस पडला, दोन्ही दिवस फायनल वाहून गेली, भारत आणि श्रीलंका दोघांना संयुक्त विजेते केलं. तसं १९१९ मध्ये का नाही केलं? ‘संयुक्त विजेते’ लिहायला ‘मालिका अपूर्ण’पेक्षा जास्त चांदी लागत नाही.

---

नाना_चौकस

खडूसशी पहिल्यांदाच सहमत होतोय, तब्येत तपासून घेतो. संयुक्त विजेते योग्य झालं असतं.

---

पावसाळी_पक्षी

मला नाही पटत. २००२ ची ट्रॉफी तुमच्यापैकी कितीजणांना जिंकल्यासारखी वाटते? प्रामाणिकपणे सांगा. मला तर ती भारताने जिंकली हे दर वेळी कोणीतरी आठवण करून दिल्यावरच आठवतं. दोघांनी जिंकली म्हणताना आपण झाकून काय टाकतो, तर सामना झालाच नाही हे. १९१९ वाल्यांनी ते झाकलं नाही. आणि एक माणूस मेलेला असताना विजेते, मग एक का दोन, कुठल्या तोंडाने लिहायचे? शिवाय ती ओळ कोरली १९४८ मध्ये. २९ वर्षं तिथे काहीच नव्हतं. ज्याने कोणी ती घालायची ठरवली त्याला मनवायला ना सिअ‍ॅटलचा संघ उरला होता, ना पीसीएचए. तरीही सिअ‍ॅटलचं नाव घातलं. एनएचएलला सोयीचं तर फक्त माँट्रियल लिहिणं होतं.

---

गणित_मास्तर

१९-१०. एवढंच म्हणतो.

---

बर्फाळ_बाजीराव

व्हँकुव्हरहून लिहितोय. इकडे १९१५ चा कप जिंकलेल्या व्हँकुव्हर मिलियनेअर्स संघाच्या गोष्टी ऐकतो, पण जो हॉलला इथे पुरलंय हे माहीत नव्हतं. चौथ्या सामन्याबद्दल एक विचारायचंय. ८० मिनिटांवर का थांबवला? आता तर प्लेऑफमध्ये गोल होईपर्यंत खेळतात, मग पहाटेचे तीन का वाजेनात.

---

पावसाळी_पक्षी

बाजीराव, जादा वेळेची मर्यादा तेव्हा ठरलेली होती आणि खेळाडूंच्यात उभं राहायचंही त्राण उरलं नव्हतं. काहीजण सामना संपल्यावर बर्फावरच आडवे झाले म्हणतात. थोड्याच दिवसांनी परत तेच लोक ७५ मिनिटांच्या वर खेळले. डॉक्टरसाहेब सांगतील, अशा थकल्या शरीरांना साथीने गाठणं किती सोपं असेल.

---

डॉ_आडगावकर

थकवा हेच एकमेव कारण धरू नका. एकच आगगाडी, एकच हॉटेल, एकच कपडे बदलायची खोली, पाणी प्यायची भांडीही बहुधा सामाईक. एकाला झाला की रांगेने सगळ्यांना. सिअ‍ॅटलचे खेळाडू रात्री आपापल्या घरी झोपत होते.

---

सुलभा_सातारा

आमच्या घरात पणजीच्या हातचं एक तांब्याचं घंगाळ आहे, त्याच्यावर नाव आणि साल कोरलंय. सन १९१७. तिच्या लग्नातलं असावं. नाव तिच्या सासरचं नाही, माहेरचं. या धाग्यामुळे काल काढून चिंचेने घासलं. नावाखाली अजून एक नाव आहे, पुसट, ते कोणाचं हे आता सांगणारं घरात कोणी नाही.

---

बर्फाळ_बाजीराव

सुलभाताई, पुसट अक्षरांवर पीठ चोळून तिरका प्रकाश पाडा, वाचता येतात. आमच्या देवळातला शिलालेख असाच वाचला होता.

पक्षीराव, शनिवारी पाऊस नसला तर हॉलची जागा शोधायला जातो. सापडली तर फोटो टाकतो.

---

पावसाळी_पक्षी

व्हँकुव्हरला शनिवारी पाऊस नाही? बाजीराव, छत्री न्या.

---

खडूस_पुणेकर

जाताय तर कॅनेडियन्सच्या वतीने एक फूल माझ्याकडून. मुलडूनबद्दलचं मत बदललेलं नाही, नोंद घ्यावी.